पैसे कट झाले, पुढं काय?

१ जून २०१८ च्या शुक्रवारी दुपारी युरोपभर व्हिसाची कार्डं अडखळू लागली. हॉटेलात जेवून उठलेले, गाडीत पेट्रोल भरून झालेले, ट्रॉली घेऊन काउंटरशी पोचलेले लोक तेच कार्ड पुन्हा पुन्हा मशीनमध्ये घालून बघत होते. मध्यरात्र उलटेपर्यंत हा प्रकार चालला. पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीने जाब विचारला, तेव्हा व्हिसाने लेखी खुलासा दिला. सुमारे दहा तासांत ५ कोटी १२ लाख व्यवहार सुरू झाले होते, त्यांतले ५२ लाख तडीस गेले नाहीत. एका डेटा सेंटरमधल्या स्विचचा एक भाग अर्धवट बिघडला होता. तो पुरता बंद पडला असता तर दुसऱ्या केंद्राने भार उचलला असता. पण तो धड मेलाही नाही आणि धड जगलाही नाही. त्यामुळे राखीव यंत्रणेला वेळेवर जाग आली नाही.

सांगलीत राहणारे एक निवृत्त बँक कर्मचारी आणि त्यांची पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारी भाची यांच्यात हा खुलासा अजून वादाचा विषय आहे. मामांनी नोकरीतली शेवटची वर्षं एका सहकारी बँकेच्या कार्ड विभागात काढली. खात्यातून पैसे कट झाले पण एटीएममधून नोटा आल्या नाहीत, असे व्यवहार शोधून रोज हिशेब जुळवायचा, हे त्यांचं काम. भाची आपल्या बचतीचा एक भाग बिटकॉइनमध्ये ठेवते, तोही स्वतःच्या वॉलेटमध्ये. मामी गावात औषधांचं दुकान चालवतात. या वादात त्यांना कोणी रीतसर बोलावलेलं नसतं.

“तुमच्या क्षेत्रात ‘पाच नऊ’ची मोठी मिजास असते ना, मामा?” भाची म्हणते. “नव्याण्णव पूर्णांक नऊशे नव्याण्णव टक्के. म्हणजे वर्षाकाठी फार तर सव्वापाच मिनिटं बंद. त्या एका दुपारी यांनी शंभर वर्षांचा कोटा उडवला.”

“सगळं बंद कुठं होतं? दहातले नऊ व्यवहार झालेच की.”

“काउंटरवर उभ्या माणसाला टक्केवारी नसते. त्याचं एक तर होतं, नाहीतर होत नाही. आणि संध्याकाळी पन्नास मिनिटं अशी होती की तिनातलं एक कार्ड नाकारलं जात होतं. हेही त्यांच्याच पत्रात आहे.”

इथं मामा थोडे मागे सरतात, पण विषय सोडत नाहीत. दुकानात “सर्व्हर डाउन आहे” असं ऐकलं की लोक व्हिसाला किंवा रुपेला बोल लावतात, याचा त्यांना राग आहे. मशीनमधून निघालेला निरोप आधी दुकानदाराच्या बँकेकडे जातो, तिथून नेटवर्ककडे, नेटवर्ककडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे. ती खातं बघून हो किंवा नाही म्हणते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. मामांचा अनुभव असा की अडतं ते बहुधा कडेला: कुठल्या तरी बँकेच्या यंत्रात, नाहीतर मशीनच्या सिमकार्डात. मधलं नेटवर्क सहसा जागेवर असतं. कार्ड देणारी बँक वेळेत उत्तर देत नसेल तर काही मर्यादेपर्यंत तिच्या वतीने हो म्हणायची सोयही नेटवर्कने करून ठेवलेली असते. अशी व्यवस्था असते हे ग्राहकाच्या गावीही नसतं.

“म्हणजे चौघांपैकी एकजण झोपला तरी माझं कार्ड अडणार,” भाची म्हणते. “८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स या टेलिफोन कंपनीचं जाळं कोसळलं. त्यात बँकांचा काय दोष? तरी देशभर इंटरॅक या तिथल्या नेटवर्कची डेबिट कार्डं चालेनात. आणि आपल्याकडे ५ मार्च २०२० च्या रात्री रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले, तर दुसऱ्या दिवशी फोनपे बंद. ज्यांचं येस बँकेत खातंसुद्धा नव्हतं त्यांचंही. कारण फोनपेचा मागचा धागा त्या एकाच बँकेत बांधलेला होता.”

मामांना हे नाकारता येत नाही. उलट ते स्वतःच यूपीआयची भर घालतात. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडलं, त्यामागे हल्ला नव्हता की वीज गेली नव्हती. व्यवहाराचं काय झालं हे विचारणारे निरोप काही बँका इतक्या वेळा पाठवत राहिल्या की मुख्य यंत्रणेचा श्वास कोंडला. काम झालं का, झालं का, असं विचारूनच काम थांबलं. नंतर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अशा विचारणांवर मर्यादा घातल्या, आणि १ ऑगस्टपासून एका ॲपमधून दिवसात पन्नासदाच खात्यातली शिल्लक बघता येईल असाही नियम आला.

मग भाचीचा हुकमाचा पत्ता येतो. बिटकॉइनची साखळी ३ जानेवारी २००९ ला सुरू झाली. तिला एक डेटा सेंटर नाही, एक मालक नाही, सुट्टी नाही. जगभर हजारो संगणकांवर तीच वही जपली जाते. सरासरी दहा मिनिटांनी तिला एक पान जोडलं जातं. एका देशात वीज गेली तर बाकीचे लिहीत राहतात.

“आणि १५ ऑगस्ट २०१० ला?” मामा विचारतात.

भाची हसते. मामा तयारी करून बसलेत हे तिच्या ध्यानात येतं. त्या दिवशी प्रोग्रॅममधल्या एका चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी दोन पत्त्यांवर प्रत्येकी सुमारे ९,२०० कोटी बिटकॉइन निर्माण केले. मुळात सगळे मिळून २ कोटी १० लाखांहून जास्त बिटकॉइन कधीच होणार नाहीत, हा त्या चलनाचा पाया. काही तासांत दुरुस्ती निघाली आणि चुकलेली पानं रद्द करून साखळी नव्याने पुढे नेली गेली. मार्च २०१३ मध्ये दुसरा प्रसंग. प्रोग्रॅमच्या नव्या आणि जुन्या आवृत्त्यांचं एका पानावरून पटेना आणि साखळीला दोन फाटे फुटले. मग बिटकॉइनच्या प्रमुख प्रोग्रॅमरांनी आणि मोठ्या खाणवाल्यांनी, म्हणजे साखळीला नवी पानं जोडणाऱ्यांनी, चॅटवर बोलून जुन्या फाट्यावर परत जायचं ठरवलं. नव्या फाट्यावरची काही तासांची पानं वाया गेली, आणि तेवढ्या अवधीत एका व्यवहारात सुमारे दहा हजार डॉलरचे बिटकॉइन दोनदा खर्चही झाले.

“मालक नाही म्हणतेस, आणि चार जणांनी रात्री चॅटवर ठरवलं!”

“ठरवलं, पण कोणावर सक्ती नव्हती. पटलं म्हणून लोक मागे गेले. आणि त्यानंतर आजतागायत तसं झालेलं नाही. व्हिसाला असं म्हणता येईल का?”

हे उत्तर चांगलं आहे, आणि लेखकाच्या मते तंत्राच्या अंगाने भाची इथं जिंकते. मात्र हा मान बिटकॉइनचा; सरसकट सगळ्या क्रिप्टोचा नाही. सोलाना या वेगाने चालणाऱ्या साखळीला सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे १७ तास आणि ६ फेब्रुवारी २०२४ ला जवळपास पाच तास थांबावं लागलं होतं. बिटकॉइनने न थांबण्याची किंमत वेगात मोजली आहे: सेकंदाला सुमारे सात व्यवहार. व्हिसा आपली क्षमता सेकंदाला ६५ हजार निरोपांची सांगते. गर्दी झाली की बिटकॉइनची साखळी बंद पडत नाही, महाग होते. डिसेंबर २०१७ मध्ये स्टीम या खेळ विकणाऱ्या दुकानाने बिटकॉइन घेणं थांबवलं, तेव्हा एका व्यवहाराचं शुल्क वीस डॉलरच्या घरात गेलं होतं. त्याहून स्वस्त खेळ विकत घेणाऱ्यासाठी ती साखळी चालू असून बंदच होती. भाची म्हणते की छोट्या रकमांसाठी आता लाइटनिंग नेटवर्क आहे. ते आहे, पण मामींच्या दुकानात त्यावरून पैसे देऊ पाहणारं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

मामांचा खरा मुद्दा मात्र यंत्र चालण्याचा नाहीच. त्यांनी नोकरीतली शेवटची वर्षं बिघडलेले व्यवहार निस्तरण्यात घालवली. त्यामुळे “पैसे कट झाले, पुढं काय?” हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. दुकानात कार्डातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत आपणहून परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. ग्राहक किंवा बँक सोडून तिसऱ्याच कुणाच्या त्रुटीमुळे फसवणूक झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा २०१७ चा नियम.

“नियम आहे म्हणून पैसे लगेच येतात असं नाही, मामा. लोकांना बँकेत खेटे घालावे लागतात.”

“घालावे लागतात. पण खेटे घालायला दार तरी आहे. तुझ्या साखळीचं दार सांग मला.”

आणि मग पुण्यातली गोष्ट निघते, कारण ती दोघांनाही आपापल्या बाजूची वाटते. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या चोरट्यांनी एटीएमच्या स्विचसारखा दिसणारा स्वतःचा बनावट स्विच मध्येच बसवला होता. एटीएमने विचारलं, पैसे द्यायचे का, की हा स्विच खातं न बघताच प्रत्येक वेळी हो म्हणे. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांवर सुमारे ७८ कोटी आणि देशात रुपे कार्डांवर अडीच कोटी निघाले. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या खात्यात गेले.

“नेटवर्क एक क्षण बंद पडलं नाही,” भाची म्हणते. “हो म्हटलं की पैसे द्यायचे, तेवढं त्याने चोख केलं.”

“केलं. आणि नुकसान कोणी सोसलं? बँकेने. खातेदाराच्या पासबुकातला एक रुपया हलला नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टात अकरा जणांना शिक्षा झाली. आता वझीरएक्सचं सांग.”

भाचीला हे बोलायला फारसं आवडत नाही. वझीरएक्स हे भारतातलं मोठं क्रिप्टो एक्स्चेंज. १८ जुलै २०२४ ला त्याच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. एक्स्चेंजने पैसे काढणं थांबवलं आणि प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं. चोरी एका वॉलेटातून झाली तरी तोटा सगळ्या ग्राहकांत वाटून घ्यायची योजना निघाली. लोक वर्षाहून अधिक काळ आपलेच पैसे ॲपमध्ये नुसते बघत राहिले. त्या सगळ्या काळात साखळ्या बिनचूक चालू होत्या. चोरीचा व्यवहारही त्यांनी तितकाच बिनचूक नोंदवला.

“म्हणूनच मी एक्स्चेंजवर ठेवत नाही,” ती म्हणते. “चावी माझ्याकडे.”

“जयपूरला वारला त्या कॅनडाच्या माणसाकडेही होती.”

जेराल्ड कॉटन. क्वाड्रिगासीएक्स या कॅनेडियन एक्स्चेंजचा प्रमुख, डिसेंबर २०१८ मध्ये भारतात फिरायला आला असताना जयपूरच्या इस्पितळात वारला. वॉलेटच्या चाव्या फक्त त्यालाच ठाऊक, असं कंपनीने सांगितलं. हजारो लोकांचे पैसे अडकले. नंतर ओंटारिओच्या नियामकांनी खोदून पाहिलं, तेव्हा वॉलेटमध्ये फारसं उरलंच नव्हतं आणि तो बराच काळ ग्राहकांच्या पैशावर सट्टा खेळत होता असं निघालं. म्हणजे मामांचं उदाहरण पुरतं लागू पडत नाही. ती हरवलेल्या चावीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण आहे जुन्या पठडीतल्या अफरातफरीची. भाची तेच दाखवून देते आणि मामा ते मान्य करतात. तरी त्यांची शंका राहतेच: भाचीला काही झालं तर तिच्या आईने काय करायचं? तिच्या वॉलेटची बारा शब्दांची चावी घरात कुणाला माहीत आहे? भाची याचं उत्तर टाळते.

मग ती वेगळ्या दिशेने येते. तिला सगळ्यात जास्त खटकतं ते कार्डाला मालक असणं. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सला देणग्या देणारी कार्डं व्हिसा आणि मास्टरकार्डने नाकारायला सुरुवात केली, तेव्हा त्या संस्थेवर कुठल्याही कोर्टाचा निकाल नव्हता. मार्च २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं, आणि परदेशात असलेल्या रशियन माणसाच्या खिशातलं कार्ड एका आठवड्यात निकामी झालं. कारण योग्य असेल, अयोग्य असेल. पण “तुमचं कार्ड चालेल” या वाक्याच्या मागे “आम्ही ठरवू तोवर” हे शब्द असतात, एवढंच तिचं म्हणणं.

मामा इथं तिच्याच उदाहरणात शिरतात. रशियाच्या आत तीच व्हिसा-मास्टरकार्डं चालू राहिली. २०१४ मध्ये काही रशियन बँकांची कार्डं अडवली गेल्यावर त्या देशाने स्वतःचं मीर कार्ड काढलं आणि देशांतर्गत सगळे व्यवहार स्वतःच्या यंत्रणेवर घेतले. आपलं रुपे २०१२ चं. आणि मालकाचाही मालक असतो: भारतीयांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायचा नियम पाळला नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ पासून जवळपास वर्षभर मास्टरकार्डला इथं नवे ग्राहक घेऊ दिले नाहीत. जुन्या ग्राहकांची कार्डं चालू ठेवून. “असा दट्ट्या देणारं कोणीतरी लागतं,” मामा म्हणतात.

“तोच दट्ट्या ८ नोव्हेंबरला आमच्या गल्ल्यावर बसला होता.”

हे मामी. त्या आतापर्यंत औषधांच्या बिलांची चळत लावत होत्या.

रोख पैसा सगळ्यात भरवशाचा, हे वाक्य मामींच्या तोंडून कधी आलेलं नाही, आणि तेच त्यांच्या बोलण्याचं वजन आहे. २०१६ च्या त्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, म्हणजे चलनाचा किमतीच्या हिशेबात ८६ टक्के भाग. औषधांच्या दुकानांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जुन्या नोटा घ्यायची काही काळ मुभा होती, त्यामुळे त्यांच्या काउंटरवर डोकेदुखीच्या गोळीलासुद्धा हजाराची नोट यायची. त्या भरायच्या कुठं? १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. सांगली, कोल्हापूर, नाशिकच्या जिल्हा बँकांच्या तिजोऱ्यांतच जुन्या नोटा अडकून पडल्या. नोट हातात होती, खरी होती, नाशिकरोडच्या छापखान्यातून निघालेलीही असेल, आणि तरी चालत नव्हती.

पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात नोटच कामाला आली. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, कार्ड मशीन मुकं. ज्यांच्याकडे रोकड होती ते देत होते. पण रोकड लवकर संपली, कारण एटीएमही पाण्यात आणि पैसे भरणारी गाडी येणार कुठल्या रस्त्याने? “मग मी काय केलं असेल? वहीत लिहिलं,” मामी सांगतात. “रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या थांबवायच्या का? नाव लिहिलं, दिलं. बहुतेकांनी नंतर आणून दिले.”

मामांना लगेच आयर्लंड आठवतं. १९७० मध्ये मे ते नोव्हेंबर असे सहा महिने तिथल्या प्रमुख बँका संपामुळे बंद होत्या. लोकांनी एकमेकांना चेक दिले, तेच चेक पुढे दुसऱ्याला दिले, आणि कुणाचा चेक घ्यावा हे गावातले दुकानदार आणि पबवाले ठरवू लागले, कारण गिऱ्हाईकाची ऐपत त्यांना बँकेपेक्षा बरी ठाऊक होती. भाचीला हे ऐकून आनंद होतो: बँकेशिवाय चाललं की नाही! मामींना होत नाही. “ओळखीच्यांत चालतं,” त्या म्हणतात. “पुरात बाहेरगावचा माणूस अडकला होता, त्याला मी वहीवर दिलं नसतं. त्याच्याकडे शंभराच्या नोटा होत्या म्हणून मिळालं.”

२८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले, तेव्हाही असंच घडलं. कार्डं थंडावली; खिशात नोटा असलेल्यांनी पाणी, पाव, मेणबत्त्या घेतल्या. बिटकॉइनची साखळी त्या दिवशीही चालू होती, पण माद्रिदच्या दुकानदाराला ती दिसत नव्हती. हे भाचीच सांगते. ती प्रामाणिक आहे. वर तिच्याकडे रोखीविरुद्ध एक अस्सल उदाहरणही आहे. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या प्रोग्रॅममधून खंडणीखोर विषाणू पसरला आणि स्वीडनमधल्या कूप या साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली. नोटा घ्यायला कोणाची ना नव्हती. पण गल्लाच संगणकाचा. तो उघडेना, बिल होईना. मामींचा कागदी बिलबुकाचा हट्ट या गोष्टीनंतर भाचीला तितकासा जुनाट वाटत नाही.

स्वीडन हा रोखीपासून सगळ्यात दूर गेलेल्या देशांपैकी एक, आणि गंमत म्हणजे तोच आता मागे वळून बघतो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने युद्ध किंवा संकटाच्या तयारीची पुस्तिका घरोघर पाठवली, तिच्यात जवळ थोडी रोकड ठेवा असंही सांगितलं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने दुसरंही उद्दिष्ट ठरवलं: जोडणी तुटली तरी अन्न, औषधं, इंधन अशा गरजेच्या वस्तू कार्डाने घेता आल्या पाहिजेत, १ जुलै २०२६ पर्यंत. मशीनने बँकेला न विचारता चिपवर विश्वास ठेवून हो म्हणायचं आणि लाइन आली की हिशेब पाठवायचा.

मामांचे डोळे चमकतात. “अगं, ही तर आमची जुनी पद्धत! कार्डावर उठावाचे आकडे कशासाठी होते? पावतीवर दाबून ठसा घ्यायचा. अमुक रकमेच्या आतलं असेल तर फोनसुद्धा करायचा नाही, चोरीच्या कार्डांची यादी तेवढी बघायची. लाइन नव्हतीच, मग तुटणार काय?”

“आपल्याकडे आहे का तशी सोय?” मामी विचारतात.

छोट्या रकमांच्या ऑफलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये चौकट आखून दिली. एका वेळची मर्यादा तेव्हा २०० रुपये होती, २०२३ मध्ये ती ५०० केली.

“पाचशेत महिन्याची औषधं बसत नाहीत.”

“वाढवतील की.”

“वाढवली, आणि लाइन आल्यावर त्याच्या खात्यात काहीच नाही असं निघालं, तर पैसे कोणाचे गेले? बँकेचे का माझे?”

मामा म्हणतात, नियम पाळून घेतलं असेल तर बँकेचे जायला हवेत. भाची म्हणते, बँका तो बोजा दुकानदाराच्या कमिशनमध्ये घालतील. दोघंही एकदम बोलू लागतात, आणि मामी हात वर करून सांगतात की बँकेकडून हे कागदावर लिहून येईपर्यंत तसलं मशीन त्यांच्या काउंटरवर लागणार नाही.